वाडीच्या थांब्यावरचा विलायती रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. रूळ म्हटला की तो आडवा पडलेला आणि त्याच्यावरून गाडी धावणारी, असेच तुमच्या डोळ्यांपुढे येणार. माझे सगळे उलटे आहे. मी उभा आहे, गुडघ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आणि गाडी माझ्या अंगावरून जात नाही, माझ्यापाशी येऊन थांबते. पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. त्या वाडीच्या एस.टी. थांब्याचा मी खांब. डोक्यावर पत्र्याची पाटी, पायाशी शेळ्या. तक्रार काही नाही.

माझा जन्म मात्र इथला नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेकडे एका पोलाद कारखान्यात लालभडक लोखंड लाटून मला घडवले. पोटावर कारखान्याचे नाव उठवले. त्या अक्षरांवरून वाडीतली पोरे अजून बोटे फिरवतात. पुढे मला खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या एका आडवळणाच्या लाइनीवर टाकले. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या लाइनींचा रुबाब वेगळा असतो. आमच्याकडे दोन डबे आणि धापा टाकणारे एक इंजिन, एवढाच संसार. सकाळी दुधाचे कॅन, बाजाराच्या दिवशी मेंढ्या, आणि रोज शाळेला जाणारी मुले. गाडीला उशीर झाला तर स्टेशनमास्तर बायामाणसांना आपल्या खोलीत शेगडीपाशी बसवत. फलाटाच्या कडेला त्यांनी गुलाब लावले होते. त्या खेड्यांतले दूध आमच्यामुळे शहरात ताजे पोचू लागले आणि मुली शिकायला बाहेर पडल्या. लाइन लहान होती, पण मला तिचा फार अभिमान होता.

मग मोटारबस आली. स्टेशन गावाबाहेर, बस थेट दारात. माणसे तिकडे वळली. पुढे तर ज्याने त्याने स्वतःची मोटार घेतली. आमचे डबे रिकामे धावू लागले. शेवटी सरकारने अशा कितीतरी लहान लाइनी बंद करायचे ठरवले, त्यात आमचाही नंबर लागला.

मित्रांनो, शेवटच्या गाडीचा दिवस मी विसरूच शकत नाही. काय ती गर्दी! वर्षानुवर्षे ज्यांनी स्टेशनकडे तोंड केले नव्हते, ती माणसे ठेवणीतले कपडे घालून आली. इंजिनाला फुले बांधली, बँड वाजवला, फोटो काढले. म्हातारी माणसे तर डोळे पुसत होती. मला मोठा राग आला. अरे, यातली निम्मी माणसे जरी एरवी येत राहिली असती तर हा दिवस कशाला उजाडला असता? पण रुळाचे ऐकतो कोण!

मला उखडले, तोडले, आणि भंगाराच्या ढिगात जहाजावर चढवले. मुंबईला एका गोदामात मी कित्येक वर्षे गंजत पडलो होतो. तिथे आमच्या वाडीचा श्रीपत हमाली करायचा. त्याच सुमारास डोंगर कापून वाडीपर्यंत पहिला रस्ता झाला आणि एस.टी. सुरू व्हायची होती. थांब्याला खांब हवा होता. श्रीपतने गोदामाच्या शेठजींकडे माझा हा तुकडा मागितला आणि गणपतीला घरी येताना मला कापड्यापर्यंत गाडीच्या टपावरून आणले. तिथून पुढे श्रीपत आणि त्याच्या भावकीतल्या माणसांनी मला खांद्यावरून वर नेले. खड्डा तयारच होता. श्रीपतची नवी नवरी येसूबाई हळदकुंकू घेऊन आली आणि माझ्या कपाळी बोट टेकवून तिने नारळ वाढवला. इतक्या वर्षांत मला कोणी कुंकू लावले नव्हते. माझे लोखंड तेव्हाच पाघळले, खोटे कशाला सांगू!

तरी मनात एक सल होता. ज्या मोटारबसने माझे काम काढून घेतले, तिचीच वाट बघत मी जन्मभर उभे राहायचे? थोडे दिवस मी घुश्श्यात होतो. पण धुळीने माखलेली ती लाल गाडी रोज वळण घेऊन यायची. तिने अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, पोरांना शाळेत नेले, कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवर उतरून आलेल्या चाकरमान्यांना त्यांच्या बोज्यासकट घरी आणले. महाडकडच्या तळीये गावावर दरड आली त्या पावसाळ्यात आमचाही रस्ता तुटला होता. तो मोकळा झाल्यावर सगळ्यांत आधी वर आली ती हीच गाडी. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पण दिवस बदलले. सहा आसनी रिक्षा घरासमोर येऊन हॉर्न वाजवू लागली, कोणी मोटरसायकली घेतल्या. गणपतीला आणि शिमग्याला एस.टी.त पाय ठेवायला जागा नसायची. एरवी तिच्यात एकटी दर्शना. ही अनिलची मुलगी, महाडला कॉलेजात जाते. अनिल हा श्रीपतचा पुतण्या. श्रीपत मागेच वारला.

दिवाळीच्या तोंडावर कंडक्टर निशाताईंनी माझ्यापाशी उभे राहून सांगितले, "गाडीत माणसंच नसतात हो. महिन्याभरात काही फरक पडला नाही तर ही फेरी बंद होणार." दर्शनाचा चेहरा उतरला. अनिलने तिला आधीच बजावले होते, "एस.टी. हाय तवर कॉलेज. पहाटच्या काळोखात पोरीला कोनाच्या पन रिक्षात मी बसवनार नाय." त्याचेही चूक नव्हते, आईबाप धास्तावतातच.

आता वाडीने काय केले म्हणता? वाडीने निरोप समारंभ ठरवला! गाडी बंद व्हायला महिना होता, पण मुंबईकर मंडळी दिवाळीला आली होती, ती परतायच्या आत कार्यक्रम उरकायचा होता. माझ्याभोवती पताका लागल्या. ड्रायव्हरसाठी शाल आली, गाडीसाठी शेवंतीचा हातभर जाड हार आला. माणसे ठेवणीतले कपडे घालून जमली. गाडी येऊन थांबताच ड्रायव्हरच्या खांद्यावर शाल घातली, मोबाइल बाहेर निघाले. हे सगळे मी पाहिले होते.

तेवढ्यात काठी टेकत येसूबाई आली. आता ती सगळ्यांची येसूआजी आहे.

"काय रं अनिल, ह्यो हार कोनाला?"

"गाडीला, काकी. बंद होनार ना आता. मानानं निरोप नको द्याया?"

"म्हंजे मढ्याला घालतात तसा?"

"असं काय बोलतेस गो काकी, चांगल्या दिवसाचं?"

"मग काय बोलू? गेल्या शिमग्यापासनं तू येकदा तरी बसलास काय हिच्यात? आमच्या मालकानी ह्यो रूळ खांद्यावरनं आनला तो गाडी थांबाया. पताका बांधाया नाय."

तिने हार हातात घेतला, दोरा तोडला आणि जमलेल्या बायांना फुले वाटली. "डोसक्यात माळा नि चला," म्हणाली. मग ती गाडीत चढली आणि पुढच्या सीटवर बसली.

निशाताईंनी विचारले, "आजी, कुठलं तिकीट देऊ?"

"पोलादपूर."

"काय काम काढलंत?"

"काम काय नाय. गाडी हाय, म्हनून चाललेय."

दर्शना तिच्या शेजारी जाऊन बसली. मग फुले माळलेल्या बाया एकेक करून चढल्या. अनिल हातात नारळ घेऊन खाली तसाच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, नारळ माझ्या पायाशी फोडला आणि तोही चढला. ड्रायव्हरने शाल अंगावर तशीच ठेवून गाडी सुरू केली. माझ्याजवळ नुसत्या पताका फडफडत राहिल्या, आणि मित्रांनो, इतके रिकामे होऊन मला इतके बरे कधीच वाटले नव्हते.

त्या महिन्यात कोणी बँकेत गेले, कोणी दवाखान्यात, कोणी कोथिंबिरीची जुडी आणायला. गाडी वाचली. दर्शनाचे कॉलेज वाचले. पुन्हा गाडी रिकामी धावायला लागली तर काय, ही धाकधूक मला आहेच. पण माझ्या पहिल्या लाइनीला जे मिळाले नाही ते या वाडीने माझ्या डोळ्यांदेखत दिले. यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

तुमच्याही गावात एखादी गाडी असेल, एखादे वाचनालय असेल, लहानशी शाळा असेल. त्यांच्यावर तुमची माया असेल, तर ती शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

वळणावर हॉर्न वाजला. आज सण नाही, वार नाही, साधा मंगळवार आहे. दर्शना ओढणी सावरत धावत येते आहे. तिच्यामागे काठी टेकत येसूआजी आहे. आजही तिला पोलादपूरला काही काम नाही.