खुब्याचं हाड

फस्स करून नळ खोकला आणि दुपारची शांतता मोडली. राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांत पाणी यायची हीच वेळ. संयोगितानं मांडीवर झोपलेल्या साक्षीचं डोकं हळूच उशीवर सरकवलं, बादली लावली, तोवर दार वाजलं.

दारात तिचा नवरा विश्वजित, आणि त्याच्या मागं श्रुती. दोघांच्याही बुटांना शाहूवाडीची तांबडी माती. जिन्यापासून कशाला तरी हसत आले होते. तिला बघून हसणं जरा आवरलं. ते आवरणंच तिला जास्त लागलं.

साक्षी व्हायच्या आधी शाहूवाडीच्या रानात विश्वजितबरोबर संयोगिताच जायची. दोघंही जनावरांचे डॉक्टर. भर उन्हाळ्यात सांबरांच्या अंगावर चरबी किती उरलीय हे लांबून, नुसत्या नजरेनं जोखायचं. बरगड्या मोजता येतात का, कणा वर आलाय का, खुब्याचं हाड किती टोचतंय. नुसती हाडं दिसली तर एक गुण, अंग गोल भरलेलं असलं तर पाच. रान जनावरांना पोसतंय की नाही ते त्यावरून कळायचं, आणि चाऱ्यापाण्याची कामं वन खातं त्यावरच ठरवायचं. मग साक्षी पोटात आली आणि संयोगिताच्या जागी तिचीच कॉलेजातली मैत्रीण श्रुती गेली. तात्पुरती, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते.

"येता येता फोटोंचा रोल धुऊन घेतला बघ," श्रुती पाकीट उघडत म्हणाली. "विश्वजित, ती ओढ्याकाठची मादी दाखव की हिला."

गेल्या उन्हाळ्यात हिच्या तोंडी तो 'सर' होता. आता नुसतं विश्वजित. संयोगितानं चहाचं भांडं शेगडीवर जरा आदळूनच ठेवलं.

"काय गुटगुटीत हाय, बघ तरी!" विश्वजितनं फोटो पुढं केला. "श्रुतीनं हेरली. आम्ही चार दिले तिला."

आम्ही.

तिनं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मादी आडवी उभी होती, पोट टम्म. पण बरगड्या संपतात तिथं खळगा पडलेला, आणि खुब्याचं हाड कातड्याखालून खुंटीसारखं वर आलेलं. संयोगिताच्या मनात काहीतरी गोड गोड हललं. बोलूच नये. उद्या वन खात्याच्या साहेबांपुढं श्रुतीलाच तोंडघशी पडू दे. पण तेवढा धीर तिला कुठला?

"श्रुते, नुसतं पोट बघितलंस व्हय गं? गाभण हाय ती. पोट बाळाचं हाय, अंगावर चरबी न्हाय. खुबा बघ की तिचा! मी दोन दिले असते. तेबी हात सैल सोडून."

श्रुतीचा चेहरा उतरला. "अगं बाई... व्हय की."

विश्वजित फोटोवर वाकला, मग त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. रानात बघायचा तसं. तिचे कान गरम झाले. कितीतरी दिवसांनी.

"हिचं बरोबर हाय," तो श्रुतीला म्हणाला. "एकीत चुकलो म्हणजे बाकीच्यांतबी चुकलो असणार. सगळ्या परत बघाय पायजेत, मागच्या बाजूनं, खुबा बघत. उद्या पहाटेच निघू. मुक्कामच टाकू तिकडं."

"चालतंय की," श्रुतीला लगेच तरतरी आली.

संयोगिता कपबश्या हातात धरून तशीच उभी राहिली. हा मुक्काम तिनंच तर त्यांच्या पदरात घातला होता.

"मी आले तर?"

"अगं, साक्षीला कोण बघणार?" त्यानं इतक्या मायेनं विचारलं, की भांडायलाही जागा उरली नाही.

"तुझं बरं हाय बाई," श्रुती झोपलेल्या साक्षीकडं बघत म्हणाली. "मी घरी गेले की कुलूप काढून मीच आत जायचं." बोलण्यात कसलीच खोच नव्हती. म्हणून तर संयोगिताला अजून राग आला.

बोलण्यानं साक्षी जागी झाली. डोळे चोळत आली, आईच्या पायाला बिलगली आणि फोटो ओढून बघू लागली.

"आई, हिच्या पोटात बाळ हाय?"

"व्हय गं माझे राणी." संयोगितानं खाली बसून तिला कुशीत घेतलं. झोपेचा, घामाचा, खोबरेलाचा तो वास. हा कुणाला दिला नसता तिनं, अख्ख्या रानाच्या बदल्यातही नाही.

साक्षीनं मादीच्या पोटावरून बोट फिरवलं. 

"मग बाळ झाल्यावर हिच्या जागी रानात कोण जाणार?"