शिवकन्येच्या बातम्या

“एका माणसाला एक ज्वारी, एक सरकी. भुजंग, मूठ उघड. मला तीन सरक्या दिसून राह्यल्या.”

“मंग आबा, वरसभरात तीन कार्यक्रमांनी डोकं उठवलं, त्याला मी काय करू?”

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हशा पिकला. शिपाई रखमाजींनी भुजंगच्या मुठीतल्या दोन सरक्या काढून घेतल्या आणि त्याला पुढे सोडलं.

डिसेंबरातला शेवटचा रविवार होता. वाटूरच्या ग्रामपंचायतीत टीव्ही येऊन पाच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून हा रिवाज रखमाजींनीच पाडला होता. ओट्यावर तुपाचे सात रिकामे डबे मांडायचे. प्रत्येकावर एकेका कार्यक्रमाचं चित्र डकवायचं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपलं मत देता येतं. वर्षभरात जो कार्यक्रम सगळ्यांत जास्त आवडला त्याच्या डब्यात ज्वारीचा दाणा, ज्यानं सगळ्यांत जास्त निराशा केली त्याच्या डब्यात सरकी. मोजणी झाली की रखमाजी निकाल पोस्टकार्डावर लिहून मुंबईच्या दूरदर्शनला धाडत. उत्तर कधी आलं नाही. तरी वर्षभराची भांडणं त्या दिवशी मिटत, एवढं खरं.

यंदा मात्र दाण्यांना वजन आलं होतं. महिन्यापूर्वी परतूरचा मेकॅनिक गयासोद्दीन टीव्हीचं पाठ उघडून बघून गेला. “चाचा, पिक्चर टूब थक गई. नई आने तक कम चलाव. पूरी मरी तो मेरे कू मत बोलना.” नवी ट्यूब कधी येणार, हे पंचायतीलाही ठाऊक नव्हतं. कोणता कार्यक्रम बंद ठेवायचा यावर सभेत हमरीतुमरी झाली, तेव्हा रखमाजीच उठून म्हणाले, “ज्याला सरकी जास्त, तो बंद.” सगळ्यांना ते पटलं. दरसाल सरकीचा मान शेतीच्या लांबलचक चर्चेला मिळायचा. यंदाही तसंच होईल, असं रखमाजींनी धरलं होतं.

पण पावसाळ्यात बोंडअळी आली आणि त्या चर्चेतल्या साहेबानं सांगितलेली फवारणी बरोबर लागू पडली. गावानं कपाशी वाचवणाऱ्याला सरकी टाकायची कशी?

सरक्या शेवटच्या डब्याकडे वळल्या. त्यावर दोन उघड्या हातांचं चित्र होतं. ते रखमाजींची नात शिवकन्या हिनं काढलं होतं.

शिवकन्या अकरा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. बाप जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये, आई त्याच्यासोबत, पोर आजोबाजवळ. रविवारी दुपारी टीव्हीवर एक बाई हातांच्या खुणांनी बातम्या सांगायची. गाव त्यांना मुक्याच्या बातम्या म्हणायचं. शिवकन्या पडद्याला नाक लावून बसे आणि एकेक खूण उचले. एकदा जेवताना तिनं पाण्याची खूण केली. रखमाजींनी तांब्या पुढे सरकवला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आज पोरीनं रांजणाकडे बोट दाखवलं नव्हतं. तिनं मागितलं होतं.

साळूबाईनं आपली सरकी हातांच्या डब्यात टाकली. “राग मानू नका, रखमाजी भाऊ. आवाज बी कळत न्हाई, हात बी कळत न्हाई. पाव घंटा निस्तं बघत बसावं लागतं बघा.”

“लेकराला कळतं, साळूबाई.”

“एका लेकराला.”

रखमाजींनी पुढच्या माणसाची मूठ तपासायला घेतली.

शिवकन्या डब्याशेजारीच उभी होती. ज्वारी आवडीची आणि सरकी नावडीची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? तिला एवढंच दिसत होतं, की सगळं गाव येतंय आणि तिच्या डब्यात काही ना काही टाकतंय. तिचा चेहरा फुलत चालला. तिनं आजोबांची बाही ओढली आणि डबा उचलून दाखवला, बघा कसा भरला!

रखमाजींनी मान हलवली. सरकीकडे बोट केलं, तोंड वाकडं केलं, दोन्ही हात झटकले. ते तोंड बघून शिवकन्या खुदकन हसली. मग आपले दोन्ही दाणे, ज्वारी आणि सरकी, तिनं त्याच डब्यात टाकले.

मोजणी रखमाजींनाच करावी लागली. हातांच्या डब्यात ज्वारीचे दाणे दोन निघाले, एक तिचा आणि एक त्यांचा. सरक्या सत्तेचाळीस, तिच्या एकीसकट; दुसऱ्या कुठल्याच डब्यात एवढ्या नव्हत्या.

“भुजंग, पाव घंट्याचीच तर गोष्ट हाय रे.”

भुजंगनं आता थट्टा केली नाही. “आबा, तुमचाच नियम. आज तुम्हाला पाव घंटा दिला, तर उद्या साळूकाकी तिच्या मालिकेसाठी मागंल. मंग कोणाकोणाला न्हाई म्हणणार?”

रखमाजींनी पोस्टकार्ड लिहिलं. सर्वांत जास्त निराशा करणारा कार्यक्रम, एवढं लिहून त्यांनी पुढे त्या बातम्यांचं नावही लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

आठवडाभर ते तिला समजावत राहिले. हाताची घडी घालून बंद दाखवलं, बोटं हवेत नाचवून ती बाई दाखवली. शिवकन्येला वाटलं, आबा खुणा शिकून राह्यले. तिनं त्यांची जाड बोटं हातात घेऊन एकेक नीट वळवून दिलं आणि पुन्हा करायला लावलं.

पुढच्या रविवारी एकच्या सुमारास ती पंचायतीत आली. टीव्हीच्या लाकडी कपाटाला कुलूप होतं. तिनं किल्लीची खूण केली. रखमाजी जागचे हलले नाहीत. तिनं पुन्हा केली, जरा मोठी, म्हाताऱ्याला दिसली नसेल म्हणून. मग ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

नंतर ती कपाटाला पाठ लावून मांडी घालून बसली. वेणी पुढे घेतली, पाठ ताठ केली आणि हात चालवायला लागली. पाणी, रेल्वे, पाऊस एवढं रखमाजींनी ओळखलं. बाकीचं त्यांना कळेना. सांगण्यासारखं बरंच असावं, कारण ती कुठेच अडत नव्हती.

बाहेरून भुजंगनं हाक मारली, “आबा, चहाला येता का?”

रखमाजींनी हात वर करून त्याला थांबवलं आणि टोपी सारखी करून तिच्यासमोर बसले. तिनं शेवटी टीव्हीतल्या बाईसारखे हात जोडले तेव्हाच ते उठले.