काळ्या गाडीवरचे ओरखडे

पॉलिशवाल्या मल्हारीनं हातातला दिवा गाडीच्या बॉनेटजवळ धरला आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली. काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची वर्तुळं उमटली होती, एकात एक, कोळ्याच्या जाळ्यासारखी. पोपटरावांनी वाकून पाहिलं. घरी उन्हात ही वर्तुळं त्यांना रोज दिसायची, पण इथं शेडच्या अंधारात दिव्याखाली ती अंगावर आली.

"बघ," ते पुतण्याला, बाळासोला म्हणाले. "समदं सुनंचं काम."

पोपटरावांना गाडी चालवता येत नसल्यानं कवठे येमाईपासून शिरूरपर्यंत तोच गाडी घेऊन आला होता आणि वाटभर हेच ऐकत होता.

पोपटरावांची सारी नोकरी गावच्या दूध संस्थेत माप घालण्यात गेली. वस्तू पुसली की टिकते, हा त्यांचा धर्म. दुधाचे कॅन, सायकल, बैलांची शिंगं, सगळं ते पुसत आले. एकुलत्या मुलानं, सार्थकनं, ही काळी गाडी आणली तेव्हा काळी कशाला म्हणून सोजराबाईंनी नाक मुरडलं, पण पोपटरावांनी त्याच दिवशी आपलं जुनं धोतर फाडून फडकं केलं. चहाच्या आधी गाडी पुसायची, तीही कोरडी, कारण पाणी मारलं की पत्रा गंजतो. सार्थकनं एकदोनदा सांगून पाहिलं, मग बापापुढं कोण डोकं लावणार म्हणून सोडून दिलं.

पुढं सार्थक डेंग्यूनं गेला. आजारी पडला काय आणि संपला काय, कुणाला काही उमगायच्या आत सगळं झालं. सून सुलक्षणा तीच गाडी घेऊन रांजणगावला कंपनीत जायला लागली आणि पोपटराव सकाळ-संध्याकाळ गाडी पुसायला लागले. रस्त्याचं काम चालू होतं, उसाच्या ट्रॉल्या जायच्या, गाडीवर धुळीचा थर बसायचा. तो झटकून झाला की त्यांना त्या दिवसापुरतं बरं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी कोवळ्या उन्हात त्यांना ते जाळं पहिल्यांदा दिसलं. सुलक्षणा डबा घेऊन बाहेर येत होती. शेजारीपाजारी बघत असताना त्यांनी तिच्या हातातली किल्ली ओढून घेतली. पोराची शेवटची खूण खरवडून टाकलीस, असं बरंच काही बोलले. माणूस दुःखात असला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही म्हणतात. पण ऐकणाराही दुःखातच होता, हे त्या सकाळी कुणी ध्यानात घेतलं नाही. सुलक्षणा आत गेली, बॅग भरली आणि दौंडला भावाकडं निघून गेली. तिथून ती आता कुरकुंभला नोकरीला जात होती.

त्या दिवसापासून सोजराबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलत. त्यात एक वाक्य मात्र ठरलेलं असे, तिला आणा. पोपटरावांनाही ती यायला हवी होती. घर खायला उठायचं. पण आधी गाडी नीट करू, मग तिच्यापुढं नेऊन उभी करू, ती चूक कबूल करील, मग आणू, असा त्यांनी क्रम लावला होता. म्हणून आज ते बायपासच्या मल्हारीकडं आले होते. मल्हारीचा बाप मेंढरं कातरायचा आणि मल्हारी मशीनला लोकरीचं पॅड लावून गाड्या घासायचा. आमच्या घराण्याला लोकर सुटत नाही, असं तो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगे. हात चांगला होता, तोंड जरा सैल होतं.

"आबा, ह्ये काय चालवून पडलेलं न्हाई," तो दिवा फिरवत म्हणाला. "झुडपाचा चरा लांबट असतो. ह्ये गोल हाईत. कुणीतरी कोरड्या फडक्यानं रोज धूळ घासलीया." मग त्यानं दिवा टपावर धरला आणि त्याला हसू आलं. "आन् पुसणारा बुटका हाय. टपाच्या मधी हात पोचला न्हाई त्याचा, म्हणून तेवढी गाडी वाचली."

मल्हारीनं वळून पाहिलं. पोपटरावांची टोपी जेमतेम टपाला लागत होती. मल्हारीचा चेहरा उतरला आणि तो उगाच दिव्याची वायर सोडवत बसला.

पोपटरावांनी कोपऱ्यातली बादली ओढली, पालथी घातली आणि बाळासोच्या खांद्याला धरून तिच्यावर चढले. टपाच्या मधोमध एक पट्टा होता, गाडी आणली त्या दिवशीसारखा काळाभोर. दोन्ही बाजूंनी वर्तुळं त्या पट्ट्यापर्यंत येऊन थांबली होती. मग खाली उतरून त्यांनी रोजच्यासारखा हात लांबवला. बोटं बरोबर पट्ट्याच्या कडेला थांबली.

"धोतर मऊ व्हतं," ते म्हणाले.

"धोतर मऊ असंल आबा. धूळ मऊ नसती."

ओरखडे निघतील का, असं त्यांनी विचारलं. मल्हारीनं आता जपून सांगितलं. चरा भरून येत नसतो. त्याच्या बाजूचा थर घासून चऱ्याच्या बुडापर्यंत उतरवायचा, म्हणजे चरा दिसेनासा होतो. या गाडीचा थर आधीच पातळ झालाय. एकदा जमेल, पुन्हा नाही.

"एकदाच लागंल," पोपटराव म्हणाले.

मल्हारीनं गाडी धुतली, कडांना टेप लावली आणि मशीन सुरू केलं. दुपारभर ते घुमत राहिलं. पोपटराव त्याच बादलीवर बसून होते. बाळासोनं आणलेला चहा त्यांच्या शेजारी निवून गेला. आपण केलेलं दुसरा माणूस घासून काढतोय, हे बघत बसण्यापलीकडं त्यांना काही करता येत नव्हतं. बॉनेट झालं, दारं झाली, टप झाला. टपाचा मधला पट्टा आता बाकीच्या रंगातून वेगळा ओळखू येईना.

बाळासोला वाटलं आता घरी जायचं. पोपटरावांनी कुरकुंभ सांगितलं. न्हावऱ्यावरून दौंड येईपर्यंत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. दुधात पाणी आहे असं भल्याभल्यांना तोंडावर सांगितलेला माणूस, पण स्वतःची चूक सांगायला त्याला शब्द सापडेनात.

कंपनीच्या फाटकाबाहेर औषधाचा उग्र वास होता. पाळी सुटली. सुलक्षणा तोंडाला स्कार्फ बांधून बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली. तिला आधी गाडी दिसली आणि ती जागीच थांबली. मग तिला सासरा दिसला. ती जवळ आली आणि स्कार्फ खाली केला.

"ते वरखडे माझेच व्हते," पोपटराव म्हणाले. जुळवलेलं बाकीचं सगळं ते विसरले.

"मला ठावं व्हतं, आबा."

"मग तवा का न्हाई बोललीस?"

सुलक्षणा गाडीकडं बघत राहिली. "काय बोलू? ते गेल्यापासनं तुम्ही नीट जेवत न्हवता, कुणाशी बोलत न्हवता. गाडी पुसायला तेवढं उठायचा. त्येबी काढून घेतलं असतं, तर तुमच्यापाशी काय ऱ्हायलं असतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर पोपटरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून तिच्याकडून घेतलेली किल्ली काढली आणि पुढं केली. घरी चल म्हणाले. सोजराबाई वाट बघते, म्हणाले. मी वाट बघतो, हे मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

तिनं किल्ली घेतली नाही. खाली बघत सांगितलं, की भावानं स्थळ पाहिलंय. माणूस दौंडचाच आहे, त्याची पहिली बायको वारली. तिनं होकार दिलाय आणि अक्षय्य तृतीयेनंतर लग्न आहे. तुम्हाला कळवायचं होतं, पण कोणत्या तोंडानं कळवू ते सुचत नव्हतं.

"तवा किल्ली घेतली नसती ना आबा," ती म्हणाली, "तर मी तिथंच ऱ्हायले असते. कायमची."

पोपटरावांनी मान हलवली. कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. आतल्या बायका खिडकीतून बघत होत्या. सुलक्षणा वाकली आणि त्या रस्त्यावरच त्यांच्या पाया पडली. त्यांचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला.

सार्थक गेल्यावर सणावाराला ती अशीच पाया पडायची, तेव्हा ते सुखी राहा म्हणत. त्याआधी, ती नवी नवरी असल्यापासून, दुसरा आशीर्वाद देत. तो विधवेला देता येत नाही, म्हणून तोंडाशी आला तरी ते गिळून टाकत. आज तो पुन्हा तोंडाशी आला आणि अडला. देता येत होता. पण ज्याच्या आयुष्यासाठी तो द्यायचा तो कुणी परका होता, दौंडचा, त्यांनी कधी न पाहिलेला. त्यांचा हात तिच्या केसांवरच राहिला. तीही वाकलेलीच राहिली.

"अखंड सौभाग्यवती व्हो," पोपटराव म्हणाले, आणि एकही शब्द त्यांनी अर्धा टाकला नाही.