उपास सांगायचा कुणाला?

मी जनाबाई, चेंदणी कोळीवाड्यातली. शाळा दोन यत्ता, पण बाजारात माझ्या पाटीवर भाव करताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. त्या नवरात्रात शिंगाळा माशाचा काटा पायात गेला, चिघळला, त्यात साखरेचा आजार. ठाण्याच्या इस्पितळात पडले. पाय वाचेल म्हणून कुणी छातीठोक सांगेना. आणि माझा नऊ दिवसांचा उपास, लग्नापासून एकदाही न मोडलेला.

तिसऱ्या दिवशी तिथे शिकवणाऱ्या उत्तरा मॅडम तीन पोरं घेऊन आल्या. "आजी, हे तिघे वेगवेगळं शिकतायत. एकत्र काम कसं करायचं, ते तुमच्यापाशी शिकतील."

त्यातली शीला नर्स होणार, हे टोपीवरून कळलं. दोघं मुलगे मात्र सारख्याच पांढऱ्या डगल्यात. आमच्या होडीवर एकच तांडेल असतो, त्याच्या शब्दावर होडी चालते. इथे तांडेल कोण? उंच, मिशीवाला दामाजी मला तसा वाटला. त्याच्या कानात सांगितलं, "उपास आहे रे. ताटातलं सून खाते."

"आजी, मी व्यायामाचं शिकतोय," तो म्हणाला.

मला वाटलं, पोरगं विनयाने बोलतंय, डॉक्टर होणार तो हाच.

शीलाने रिकामं ताट बघून लिहिलं, जेवल्या. डॉक्टर होणारा खरा तो दुसरा, चष्मेवाला पोरगा; त्याने ते वाचून मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, जेवण नीट आहे तरी साखर उतरत नाही. साखरेची सुई वाढली.

सहाव्या दिवशी सकाळी सुई घेतली आणि दामाजीने मला उभं केलं. अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधार; साखर पार उतरली होती. शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन, उशाशी सून सगुणा रडत होती.

"गो, मेले नाय अजून," मी म्हटलं.

मॅडम कुणावर ओरडल्या नाहीत. तिघांना खाटेभोवती बसवलं. "ज्याला जे माहीत होतं ते बोला."

"उपासाचं मला माहीत होतं," दामाजी खाली मान घालून म्हणाला. "वाटलं, शीलाला ठाऊक असेल."

"मी ताट बघितलं, आजींना विचारलं नाही," शीला म्हणाली.

"मी नुसतं लिहिलेलं वाचलं," चष्मेवाला म्हणाला.

रागवावं कुणावर? ताट तर मीच सुनेपुढे सरकवलेलं.

"उपास सोडा, आजी," चष्मेवाला म्हणाला.

"तू सोड तुझं शिक्षण!"

शीला हसली. "दूध, केळं, शिंगाडा चालतं ना?"

"चालतं. पण मी चहाशिवाय काही घेत नाही."

"त्या खाणार असतील तर मोठ्या डॉक्टरांना सुई कमी करायला सांगतो," चष्मेवाला म्हणाला.

"खाल्ल्यावरच मी उभं करीन," दामाजी म्हणाला.

मग मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्ही काय म्हणता?"

इस्पितळात येऊन सहा दिवस झाले, हे मला कुणी विचारलं नव्हतं. देवी रागवेल की पाय जाईल, यातलं मोठं काय, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"दूध आणा," मी म्हटलं. "साखर न घालता."