सातव्या कानातली तार

मी सोळा कानांचं एक कार्ड बोलतोय. कारखान्यातले लोक मला इनपुट कार्ड म्हणतात. यंत्राचा मेंदू वेगळा असतो. तो माझ्या शेजारी बसतो आणि हुकूम सोडतो. माझं काम फक्त ऐकण्याचं. कुठलं झाकण बंद आहे, कुठली टाकी भरली, कुणी कुठलं बटण दाबलं, हे सगळं तारांमधून माझ्यापर्यंत येतं. ज्या कानात वीज आली त्याचा हिरवा दिवा मी लावतो आणि मेंदूला सांगतो, 'आहे'. वीज नसली की सांगतो, 'नाही'. या दोन शब्दांपलीकडे मला भाषा येत नाही. त्यातलाच एक शब्द माणसांनी माझ्याकडून खोटा वदवून घेतला. आठवलं तरी शिसारी येते.

माझा जन्म मात्र स्वच्छ जागी झाला. तिथली माणसं हातमोजे घालून, हळू बोलत काम करायची. एका तपासनीस बाईने माझे सोळाही कान एकेक करून पाहिले, हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि मला चंदेरी पिशवीत घालून खोक्यात ठेवलं. मला वाटलं, जग असंच असतं. पुढे दोन वर्षं एका गोदामाच्या फळीवर पडून होतो, तेव्हाही तसंच वाटत होतं.

मग एके दिवशी खोकं उघडलं आणि आधी वास आला.

तो कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना होता. मासळीचा भुगा, पेंड आणि चिकट काळी मळी, हे सगळं वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मिक्सरमध्ये कालवायचं. त्या भुग्याची पूड हवेत तरंगायची आणि मळीच्या चिकटपणामुळे जिथे बसेल तिथे ठाण मांडायची. माझ्या आधीचं कार्ड पाण्याने मेलं होतं. जमीन धुता धुता कुणीतरी नळी थेट पॅनलवर मारली होती.

मला बसवणारा माणूस कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. वरच्या खिशात कायम पक्कड असायची म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी निघायचं. त्याने आधी मुख्य वीज बंद केली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तारांचा ठोकळा एकही तार न सोडवता अख्खा उपसून बाजूला घेतला. जुन्या कार्डाचा नंबर माझ्याशी दोनदा ताडून पाहिला. मग मला खाचेत सरकवलं, ठोकळा दाबून बसवला आणि म्हणाला, "बस बाबा. आता तुझ्यावर भिस्त." त्याचे हात मला आवडले. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

पॅनलचं दार कधीच नीट लागायचं नाही. पहिल्याच महिन्यात एका झुरळाने माझ्या आणि शेजाऱ्याच्या फटीत अंडी घातली. खाली एक पाल मेली, ती वाळून चामडं झाली तरी कुणी उचलली नाही. पण झुरळ-पालींची मला तक्रार नाही, ती बिचारी ऊब शोधत येतात. किळस आली ती साहेबांची. साहेब म्हणजे तिथले सुपरवायझर. आपला डबा गरम राहावा म्हणून ते तो पॅनलच्या आत, वीजपुरवठ्याच्या पेटीवर ठेवायचे. त्यातलं तेल ओघळायचं. जेवण झालं की दार उघडं टाकून समोर उभे राहायचे, दात कोरायचे आणि निघालेलं पुन्हा चावायचे. एकदा तर उभ्या उभ्या नखं कापली. दोन तुकडे माझ्या डोक्यावर पडले ते तिथेच राहिले.

वर मिक्सरवर एक बाई काम करायची. ती पक्कडची थोरली भावजय. सगळा कारखाना तिला वहिनीच म्हणायचा. तिनेच शब्द टाकून दिराला इथे चिकटवलं होतं. माल बदलला की मिक्सर आतून खरवडायचा असतो. वहिनी झाकण उघडायची, खरवडणी घेऊन कमरेपर्यंत आत वाकायची. झाकणाला एक स्विच होता. झाकण उघडलं की माझ्या सातव्या कानातली वीज जायची, मी 'नाही' म्हणायचो आणि मग कुणी कितीही बटणं दाबली तरी पाती हलायची नाहीत. तिच्या आणि त्या पात्यांच्या मध्ये माझा तेवढा एक 'नाही' होता.

एका आठवड्यात मिक्सर चालता चालता बंद पडायला लागला. लगेच सगळ्यांचं एकच, "कार्ड गेलं!" कारखान्यात काहीही बिघडलं की कार्डच जातं. साहेबांनी येऊन माझ्यावर दोन बुक्क्या मारल्या, जशी काही मला उचकी लागली होती.

पक्कड मात्र मीटर घेऊन आला. त्याने माझा सातवा दिवा लुकलुकताना पाहिला. ती तार सोडवली आणि तिच्या जागी थेट वीज टेकवली. दिवा लख्ख लागला आणि हात काढताच विझला. "कार्ड ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रोग वर आहे." वर जाऊन त्याने झाकणाचा स्विच उघडला, तर आत मळी आणि मासळीचा लगदा, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. त्याने पुसून बसवला. दोन दिवस चालला, पुन्हा तेच. तेव्हा साहेब आणि तो माझ्या समोरच बोलले.

"साहेब, स्विच बदलायलाच हवा. वायरीतही ओल गेलीय."

"मागवतो. तोवर काय?"

"तोवर बंद ठेवू."

"बंद ठेवू? बाहेर ट्रक उभा आहे. त्यात काय तुझा फोटो भरून पाठवू? एक तार टाक आणि चालू कर."

"तिथे वहिनी हात घालते, साहेब."

"मग तिला सांग, जपून घाल म्हणावं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

पक्कडने वरच्या खिशातली पक्कड काढली. मग त्याने वीतभर लाल तार कापली, तिचं एक टोक विजेच्या पट्टीत घातलं आणि दुसरं माझ्या सातव्या कानात खुपसलं. या वेळी मुख्य वीज बंद केली नाही, किल्लीही खिशात टाकली नाही. चोरासारखं काम उरकलं आणि गेला.

त्या दिवसापासून माझा सातवा दिवा विझला नाही. झाकण उघडं असो, मोडलेलं असो, नसलंच तरी मी आपला म्हणत राहिलो, 'आहे, आहे, आहे.' मला स्वतःचीच किळस यायला लागली.

चार दिवसांचे अकरा आठवडे झाले. स्विच काही आला नाही. साहेब विसरले, कारण मशीन चालत होतं. आणि पक्कडने वहिनीला सांगितलं नाही.

त्या दुपारी जेवणानंतर वहिनी मिक्सर खरवडायला घेत होती. तिने झाकण उघडलं, ते मला कळलंच नाही. खालच्या खोलीत साहेब दात कोरत पडद्यासमोर बसले. तिथून मिक्सर दिसत नाही. पडद्यावर माझ्याच शब्दावरून लिहिलेलं होतं, 'झाकण बंद'. त्यांनी चालूचं बटण दाबलं.

ती किंकाळी मी ऐकली नाही. मिक्सर वरच्या मजल्यावर, मी खाली. पण वर कुणीतरी धावत जाऊन लाल बटण ठोकलं, ते माझ्या बाराव्या कानाला कळलं. तोवर वहिनीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

पक्कड तिला घेऊन दवाखान्यात गेला. तासाभराने साहेबांनी त्याला परत बोलावून घेतलं. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं.

"ती तार काढ," साहेब म्हणाले. "कार्ड खराब होतं, कळलं? तार तुझ्या हातची आहे. तोंड उघडलंस तर आधी तूच अडकशील."

त्याने तार काढली. मग साहेबांनी खिशातला रुमाल घेऊन मला पुसलं. इतक्या वर्षांत मला कुणी पुसलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही कशासाठी! त्या रुमालाला तेलाचा आणि नाक शिंकरल्याचा वास होता.

चौथ्या दिवशी चौकशीसाठी बाहेरून एक इंजिनियर बाई आल्या. वय पन्नाशीचं, चष्मा दोरीला लटकवलेला. साहेब नवं कार्ड हातात घेऊन उभेच होते. "हे बघा, मागवूनच ठेवलंय. जुनं काढा, नवं लावा आणि मोकळ्या व्हा. लिहा, कार्डात दोष."

"चांगलं असलं तर?" बाईंनी विचारलं. त्यांनी तारा बाजूला केल्या आणि माझ्या प्रत्येक कानाला वीज दिली, काढली, दिली, काढली. सोळापैकी सोळा. सातव्या कानाची तर त्यांनी वीस वेळा परीक्षा घेतली. मग खिशातून छोटी बॅटरी काढून त्या माझ्या स्क्रूंवर वाकल्या.

"बाकीच्या स्क्रूंच्या खाचा भुग्याने बुजल्यात. सातव्याची चकचकतेय. आणि त्याच्याखाली दोन तारांचे वळ आहेत. इथे दुसरी तार कसली होती?"

"काहीतरीच काय," साहेब हसले. "अहो बाई, जुन्या पॅनलात काय काय असतं!"

पक्कड भिंतीला टेकून उभा होता. त्याने वरच्या खिशात हात घातला. मला वाटलं, पक्कड काढतोय. त्याने ती वीतभर लाल तार काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली.

"मी टाकली होती," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं म्हणून, पण टाकली मी. वहिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काम थांबवलं असतं, आणि साहेबांनी मला धरलं असतं." त्याने बाहीने तोंड पुसलं. "काल दवाखान्यात तिने विचारलं, भावजी, मी तर झाकण उघडलं होतं, मग ते चालू कसं झालं? तिला वाटतंय, तिचंच काही चुकलं."

"अरे, स्वतःच्या घराला आग लावतोस?" साहेब खेकसले.

"घर तिचंच आहे, साहेब. नोकरीसुद्धा तिनेच लावली होती."

बाईंनी सगळं लिहून घेतलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली.

अकरा आठवडे न आलेला स्विच दोन दिवसांत आला. पक्कडची नोकरी गेली. साहेबांवर खटला चालू आहे म्हणतात. तोवर ते दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. डबा कुठे गरम करत असतील, याचा मी विचार करत नाही. आणि मला काढलंच. संशय नको म्हणून. आता मी बाईंच्या कचेरीत, पुरावा म्हणून, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

मध्ये एकदा वहिनी जबाब द्यायला आली होती. पक्कड तिची पिशवी धरून चार पावलं मागे उभा. दोघांचं बोलणं बंद होतं, ते पाहताक्षणी कळत होतं. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हेच का ते?"

"हो," बाई म्हणाल्या. "याचं काही चुकलं नव्हतं."

"मग याला का काढलं?"

 बाईंनी चहा मागवला. वहिनीने डाव्या हाताने कप उचलला, तो हिंदकळला.  मग मान न वळवता म्हणाली, "भावजी, जरा कप धरा. सांडतोय." तो धावत पुढे आला.

माझं सांगणं एवढंच. तुमच्या कारखान्यात, गिरणीत, जिथे कुठे माझ्यासारखं कार्ड असेल, तिथलं पॅनल एकदा उघडून बघा. दोन्ही टोकं पॅनलच्या आतच असलेली, बाहेरून कुठूनही न आलेली, चार दिवसांसाठी म्हणून टाकलेली एखादी तार दिसेल. आधी वीज बंद करा आणि ती उपटून टाका. मशीन बंद पडलं तर पडू द्या. आणि कुणी अंगावर धावून आलं, 'कुणाला विचारून काढलीस?' म्हणून, तर त्याला विचारा, 'कुणाला विचारून घातली होती?'