कोपऱ्यातलं टिंब

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. पण साधासुधा नव्हे हं, चिमट्याचा पुठ्ठा! परीक्षेला जाताना तुम्ही ज्याला पॅड म्हणता ना, तो. माझा चिमटा आता गंजलाय, डावा कोपरा उंदरानं कुरतडलाय आणि पोटावरून एक तिरकी रेघ गेली आहे. कोपऱ्याचं मला काही वाटत नाही, वय झालं की कोपरे जायचेच. पण त्या रेघेवरून कुणी बोट फिरवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. ती कशी पडली ते सांगतो. मध्येच उठून जाऊ नका, मला राग येतो.

लाकडाच्या भुशाचा लगदा करून, तापलेल्या लोखंडी पाट्यांत दाबून मला घडवलं. मग डोक्यावर हा चिमटा ठोकला. दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. शेवटी एका टेलरमास्तरांच्या लेकीनं मला उचललं, तेसुद्धा गुलाबी पॅड संपली होती म्हणून! तिच्या सगळ्या परीक्षा मी पाठीवर घेतल्या. ती पास झाली, नोकरीला लागली, सासरी गेली आणि मला विसरली. मी आलो मास्तरांच्या कापायच्या टेबलावर, गिऱ्हाइकांची मापं लिहायला. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं होतं, संपलं आपलं.

पण माझे खरे दिवस तिथेच सुरू झाले. मास्तर कापड कापायचे आणि शिवायचे. काजं-बटणं करायची त्यांच्या बायकोनं. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणतो. शर्ट शिवून झाला की बटण जिथे यायचं तिथे मास्तर खडूनं एक टिंब द्यायचे आणि कापड टेबलावरून पलीकडे सरकवायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत. टिंब दिसलं की काकूंनी समजायचं, यांचं झालं, आता माझं.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पेपर यायचा. त्यातलं शब्दकोडं काकू घडी घालून, नखानं दाबून फाडायच्या. कात्री नाही वापरायच्या. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की तिची धार जाते, आणि मास्तर त्या कात्रीला लेकीपेक्षा जास्त जपायचे. मग ते कोडं माझ्या चिमट्यात बसायचं. आडवे शब्द मास्तरांचे, उभे काकूंचे. दुसऱ्याच्या चौकटींत लिहायचं नाही, म्हणजे नाही! समजा दुसऱ्याचा शब्द आपल्याला आधी सुचला, तर? तर त्या शब्दाच्या पहिल्या चौकटीत, कोपऱ्यात, एक बारीक टिंब द्यायचं. म्हणजे, मला आलंय, पण शब्द तुझा आहे. बघ जमतंय का!

अहो, त्या टिंबानं मास्तर असे काही चिडायचे! काकूंची टिंबं रोज दोन-तीन तरी पडायची. घाईघाईनं मास्तर काहीतरी लिहायचे आणि ते हमखास चुकायचं. एकदा कोड्यात होतं, 'ही होडी पाण्यात चालत नाही, पण घरातल्या सगळ्यांना एकच पुरते. चार अक्षरं.' मास्तरांनी लगेच लिहिलं, पाणबुडी.

"चालत नाही, बुडते!" ते ऐटीत म्हणाले.

"घरातल्या सगळ्यांना एक पाणबुडी?" काकूंना हसू आवरेना. "आपली कुठे बांधून ठेवलीय हो? मोरीत? पाणी दिसलं की मारली उडी! कोडं करणारा प्रश्नातलाच शब्द तुमच्या हातात आणून ठेवील का?"

चुकलेलं खोडायचा मान मात्र दुसऱ्याचा असायचा. काकूंनी पेन्सिल उलटी केली, तिच्या मागच्या रबरानं पाणबुडी खसाखसा खोडली आणि रबराचा चुरा फुंकून मास्तरांच्या चष्म्यावर उडवला. उत्तर काही सांगितलं नाही. त्याच जागी पुन्हा टिंब दिलं. मास्तर कानामागे पेन्सिल खोचून तसेच मशीनवर बसले आणि अर्धी बाही झाल्यावर ओरडले, "आडनाव! आड आणि नाव! लबाड कुठला!" ते कोडं करणाऱ्याला म्हणाले होते. पण इतके खूश झाले होते की मीसुद्धा थरथरलो.

मला डोळ्यांनी वाचता येत नाही, मित्रांनो. पण कागदाखाली पडून पडून मला अंगावर उमटलेली अक्षरं कळतात आणि हात ओळखता येतात. मास्तर हलकं लिहायचे. काकू दाबून, एकेक अक्षर माझ्यात रुतवून लिहायच्या. त्यांच्या हाताचा भार माझ्या इतका सवयीचा झाला होता की तो कधी नसेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्या सकाळी त्या एक उभा शब्द लिहीत होत्या. पहिलं अक्षर नेहमीसारखं रुतलं. दुसरं अर्धं झालं. आणि पेन्सिल घसरली. चौकटीबाहेर गेली, कागदाबाहेर गेली आणि माझ्या अंगावरून तिरकी ओढत खाली आली.

"अगं, रेघा काय मारत बसलीस?" मास्तर मान वर न करता म्हणाले.

 पेन्सिल गडगडत टेबलाखाली गेली. तेव्हा कुठे मास्तरांनी पाहिलं. काकूंचा चेहरा एका बाजूनं खाली ओघळला होता. त्या काहीतरी सांगू पाहत होत्या आणि तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द येत नव्हता. मास्तरांनी त्यांना सावरायला झडप घातली, मी खाली उपडा पडलो, पायांची धावपळ झाली, रुग्णवाहिकेचा भोंगा आला आणि गेला. मग शटर पडलं.

किती दिवस तसा पडलो होतो कोण जाणे. एका संध्याकाळी मास्तरांची लेक आली, तिनं मला उचललं आणि पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. झाकण! मला! पण रागवायलाही जीव राहिला नव्हता, कारण ती बापाशी जे बोलत होती ते ऐकून माझा चिमटा गार पडला.

"बाबा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नीट ऐकलंत ना? पुन्हा बोलायला-चालायला शिकवतात त्या वॉर्डात एकच खाट रिकामी आहे. ज्याला सांगितलेलं कळतं त्यालाच ती मिळते. उद्या सकाळी त्या शेवटचं तपासणार."

"तिला कळतं सगळं."

"मग त्या हात धर म्हणाल्या तर धरत का नाही? डोळे मिट म्हणाल्या तर मिटत का नाही?" लेकीचा आवाज फुटला. "बाबा, आई मला तरी ओळखते का हो?"

मास्तरांनी टेबलावरची खडूची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "आणि नाही मिळाली खाट, तर?"

"घरी आणायचं. अशीच पडून राहील."

सकाळी मास्तरांनी पेपर उघडला. घडी घालून फाडायचं काम काकूंचं, त्यांना ती घडी जमेना. मग त्यांनी ती कापडाची कात्री घेतली, हो, तीच, आणि कचाकचा कागद कापला. मला पिंपावरून उचलून शर्टाला पुसलं, कोडं चिमट्यात अडकवलं आणि काखेत मारून निघाले. 

दवाखान्यात काकू छताकडे बघत पडल्या होत्या. उजवा हात चादरीवर नुसता ठेवलेला. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर वाकल्या होत्या. "काकू, माझं बोट दाबा. बरं, डोळे मिटा. जीभ दाखवा." काही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, हळू, समजावून. काही नाही.

"काका, मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "कळून हात हलत नसेल, तर आम्ही खूप काही करू शकतो. पण कळतंय हे मला दिसायला तरी हवं."

"मला थोडा वेळ द्या."

"बाकीच्या खाटा बघून येते. तोवर तुमचा वेळ."

मास्तरांनी मला काकूंच्या पोटावर टेकवून उभं धरलं आणि डाव्या हातात पेन्सिल दिली. पेन्सिल पडली. परत दिली. परत पडली. तिसऱ्यांदा त्यांनी बोटं एकेक करून तिच्याभोवती वळवली. मग उभे शब्द वाचायला लागले, काकूंचे. एक वाचला, थांबले. दुसरा वाचला, थांबले. पलीकडे बाईंचा आवाज एकेक खाट करत जवळ येत होता.

"बाबा, पुरे करा ना!" लेक म्हणाली. "का छळताय तिला?"

मास्तर थकले. त्यांनी काकूंना विचारायचं सोडलं आणि दुकानात पुटपुटायचे तसं आपल्याशीच आपला एक आडवा शब्द वाचला. "एक पाऊल पुढे, मागून रेटा, तरी काम जागच्या जागी. पाच अक्षरं."

आणि मित्रांनो, माझ्या अंगावर काहीतरी टेकलं.

इतकं हलकं, की माशी बसली असती तर जास्त कळलं असतं. पण ती पेन्सिल होती, आणि त्या आडव्या शब्दाच्या पहिल्या चौकटीत, कोपऱ्यात, टेकली होती. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो! बघा, अहो मास्तर, बघा ना! मास्तर दाराकडे बघत होते. एवढ्यात त्यांची नजर खाली आली.

"टिंब दिलं!" ते ओरडले. "बाई, इकडे या! हिनं टिंब दिलं!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. मास्तरांनी अडखळत टिंबाचा सगळा नियम सांगितला. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं, टिंब पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"काका, हात थरथरतोय. पेन्सिल नुसती टेकलीही असेल. मलाही हवंय हो, पण मला हवं म्हणून मी लिहू शकत नाही."

"नाही, नाही, हिला आलंय. थांबा, मी भरतो, लगेच भरतो." मास्तरांनी खिशातून दुसरी पेन्सिल काढली. कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला. काम जागच्या जागी, काम... आणि त्यांनी घाईघाईनं लिहिलं, कामचुकार. पाच अक्षरं बरोबर बसली. "हे बघा! झालं!"

मला तेव्हाच कळलं, हे चुकले. आली सवय आडवी! प्रश्नातलाच शब्द उचलला.

 मग काकूंच्या हातातली पेन्सिल हलली. आडवी झाली. घसरली. चादरीवर पडणार, तेवढ्यात करंगळीत अडकली. लेक पुढे झाली.

"हात लावू नका!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजच बदलला होता.

पेन्सिल परत आडवी झाली. अंगठ्यानं रेटली गेली, थांबली, परत रेटली गेली. आणि उलटी झाली. रबर माझ्यावर टेकलं. एकदा घासलं. दमून थांबलं. परत घासलं. कामचुकारातला 'का' पुसला गेला. मग 'म' अर्धवट. बाकीचं काही त्यांना जमलं नाही. पेन्सिल तशीच पुन्हा सुलटी करायला मात्र त्या किती झगडल्या, ते मी सोसलंय. शेवटी टोक टेकलं. त्याच चौकटीत, त्याच कोपऱ्यात. टिंब.

"मी चुकलो!" मास्तर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "बाई, मी चुकलो! अगं, तू बघ, मी चुकलोय!"

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरोबर उत्तर काय आहे? त्यांनी तेही खोडलं तर मला काहीच म्हणता येणार नाही. काका, कुणाची मदत न घेता सांगा."

झालं! आता सगळं मास्तरांवर आलं. जन्मभर काकूंच्या टिंबांवर चिडणारे मास्तर घामाघूम होऊन उभे. त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात हवेत धरले, मशीनवर बसल्यासारखे. जाड कापड अडलं की पुढच्या हातानं ते चालवायचं आणि मागच्या हातानं... मागच्या हातानं...

त्यांनी डोळे उघडले आणि उरलेल्या अक्षरांवरूनच वाकून लिहिलं. चा. ल. ढ. क. ल.

आम्ही सगळे काकूंच्या हाताकडे बघत राहिलो. रबर आलं नाही. त्यांनी पेन्सिल सोडून दिली, डावा हात हळूहळू वर आणला आणि मास्तरांच्या चष्म्याकडे बघून ओठ गोल केले. फुंकर काही नीट आली नाही. चुरा माझ्यावरच राहिला.

लेक रडत आईच्या कुशीत शिरली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "यांना कळतं. सांगून हात वळत नाही, सवयीनं वळतो. ती खाट यांची," त्या नर्सला म्हणाल्या. "आणि हा पुठ्ठा यांच्याबरोबर जाऊ दे."

तर असं आहे, मित्रांनो. नंतर त्या वॉर्डात मी काकूंच्या मांडीवर राहिलो. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला की मास्तर त्याच्यावर डाफरायचे. आता आम्ही परत दुकानात आहोत. काकू थोडं थोडं बोलतात, शब्द शोधत. काजं मास्तरच करतात, वाकडीतिकडी. ती कापडाची कात्री कागदानं बोथट झालीय, तिला धार लावा म्हटलं तर ऐकत नाहीत.

तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना पुठ्ठा असेल, तर त्याचं झाकण करू नका, एवढं ऐका. आणि घरातलं कुणी गप्प झालं, विचारलेल्याला उत्तर देईनासं झालं, तर त्याला काही कळत नाही असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्या हातात त्याचं नेहमीचं काम द्या आणि जवळ बसा. घाई करू नका. काय सांगू, मला अजून आठवलं की धडधडतं. मास्तरांनी त्या दिवशी मला पिंपावरच ठेवलं असतं तर?

आज सकाळचंच सांगतो. मास्तर एका आडव्या शब्दापाशी अडले होते. काकूंचा डावा हात माझ्यावर आला. अजून पूर्वीचा भार नाही, पण कळण्याइतका आहे.

"अगं, थांब की जरा!" मास्तर ओरडले. "येतंय मला!"

"ये... येतंय... म्हणे," काकू म्हणाल्या, आणि कोपऱ्यात टिंब दिलं.