सापळा गार होता

एकदा मी शीळ घालून सर्व्हर बंद केला होता. बटणाला हात लावला नाही, तारेलाही नाही. विश्वास ठेवू नका, कुणीच ठेवत नाही. माझ्या बायकोनं तर मी लग्नाच्या वेळी सांगितलेल्या वयावरही अजून ठेवलेला नाही.

परवा विभागाच्या चहाच्या खोलीत मी हे बोललो, तेव्हा सुरक्षा प्रयोगशाळेत नुकताच लागलेला झांगिर इतका हसला की त्याच्या पेल्यातला दुधाचा चहा बशीत आला. खिडकीपाशी मायसारा बसली होती. विद्यापीठाच्या पीएचडी परिषदेची ती वीस वर्षं सचिव. ती हसली नाही. ती बाउर्साकचा तळलेला गोळा चहात बुडवत राहिली.

"सांगा, सागिंदिक आगा," झांगिर म्हणाला. वयानं मोठ्या माणसाला आमच्याकडे आगा म्हणतात. "जेवणाची सुट्टी आहे, खोटं ऐकायला वेळ आहे."

मग मी सांगितलं.

मी निवृत्त होण्याआधीची गोष्ट. सर्व्हरच्या खोलीत थंडावा राखायचा आणि तारा सांभाळायच्या, हे माझं काम. खोलीत दोन कपाटं. डावीकडच्या कपाटात विद्यापीठाचा खरा सर्व्हर, उजवीकडच्यात कामशातचा सापळा. कामशात म्हणजे आमची संशोधक, बारीक चणीची आणि जेवण विसरणारी. तिनं हुबेहूब खऱ्यासारखा दिसणारा खोटा सर्व्हर बनवला होता. चोर आत शिरला की खोट्या गुणपत्रिका चोरत बसतो आणि त्याची प्रत्येक हालचाल नोंदली जाते. पाच वर्षं तिनं चोर असे खेळवले. त्या सगळ्या नोंदी खऱ्या सर्व्हरवर तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये होत्या.

"आणि बॅकअप?" झांगिरनं विचारलं.

"बॅकअपच्या मशीनवरच तर सापळा बांधला होता. नवं मशीन द्यायला विद्यापीठाकडे कधी पैसे होते?"

झांगिरनं कपाळाला हात लावला.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला तिचा व्हायवा होता. आधीच्या एका उमेदवारानं आकडे घरी बसून रचले होते, म्हणून परिषदेनं नियम केला होता की मूळ नोंदी सर्वांसमोर उघडून दाखवायच्या, नाहीतर प्रबंध परत. कामशातचा व्हायवा आधी दोनदा पुढे गेला होता. त्या परिषदेची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. नोंदी गेल्या, तर पाच वर्षं गेली.

पावणेबाराला चोर आला. पडद्यावर एका फोल्डरवर कुलूप उमटलं. खंडणीवाला होता. एकेक फोल्डर कुलूपबंद करायचा आणि मग पैसे मागायचे, ही त्यांची रीत.

कामशात पुढे वाकली. "आगाय, पाहा ना, यानं आधी आबझालला धरलंय."

तिचे मार्गदर्शक बाल्ताबाय आगाय, म्हणजे सर, खुर्ची ओढून बसले. "बरं झालं. व्हायवाच्या दिवशी ताजा चोर. सागिंदिक, चहा टाक रे."

आता हा आबझाल तोर्तबायेव कोण, ते सांगायला हवं. तो प्राध्यापक होता आणि नव्हता. कामशातनं सापळ्यात काही खोटे प्राध्यापक सोडले होते, ते एकमेकांना खोट्या ईमेल पाठवत. त्यांतला हा पहिला. दोन्ही मशीन इतकी सारखी दिसत की ओळखायची खूण एकच होती: आबझालचं फोल्डर दिसलं की समजायचं, हा सापळा.

आम्ही पंचवीस मिनिटं चहा पीत चोराची मजा पाहिली. आमच्या कझाक वर्णमालेप्रमाणे तो चालला होता. आबझाल गेला, अयान गेला, बेकझात गेला. एका फोल्डरला साधारण आठ मिनिटं.

"शिस्तीचा माणूस आहे," बाल्ताबाय आगाय म्हणाले. "आपल्याकडे असता तर वेळेवर प्रबंध दिला असता."

मी पेले गोळा करायला उठलो आणि जाता जाता सवयीनं कपाटांवर हात ठेवला. तीस वर्षं मी मशीनला ताप पाहिल्यासारखा हात लावत आलोय. उजवं कपाट गार होतं. डावं हाताला चटका देत होतं आणि त्याचा पंखा कण्हत होता.

"कामशात," मी म्हटलं, "तुझा सापळा गार आहे गं."

ती हसतच वळली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं कळफलकावर काहीतरी बडवलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"आबझालचं फोल्डर खऱ्या सर्व्हरवर आहे," ती म्हणाली. "खऱ्यावर कसं?"

नंतर कळलं ते असं. मागच्या महिन्यात आबझालची एक ईमेल चुकून सापळ्याबाहेर पडली आणि प्रशासनाकडे गेली. 'माझी खुर्ची मोडली आहे,' एवढंच तिच्यात होतं. प्रशासनानं यादीत त्याचं नाव शोधलं, सापडलं नाही, स्वतःची चूक समजून गुपचूप घातलं, आणि नियमाप्रमाणे खऱ्या सर्व्हरवर त्याला खातं उघडून दिलं. खुर्चीसुद्धा मंजूर केली. मला तीस वर्षांत मिळाली नाही.

"आगा, मग नेटची तार काढायची ना," झांगिर म्हणाला. तो आता हसत नव्हता.

"काढली. तोवर त्याचा प्रोग्राम आत येऊन बसला होता. तार काढून काय होणार?"

"फोल्डर दुसरीकडे उचलायचं."

"पाच वर्षांच्या नोंदी होत्या बाळा, तीन तास लागले असते. गाउहार चालू होती. मग दौरेन, येरमेक, झादिरा आणि मग कामशात. अर्धा तास धर."

"तर मशीनच बंद करायचं."

हां. इथंच सगळं अडलं होतं. त्या मशीनवर परीक्षा विभागाचं काम चालायचं. उपकुलगुरूंच्या लेखी सहीशिवाय ते बंद करायचं नाही, असा आदेश दारावरच चिकटवलेला. माझ्या आधीच्या माणसानं एकदा विचारल्याशिवाय बंद केलं होतं. त्याला संध्याकाळपर्यंत घरी पाठवलं. उपकुलगुरू कुठल्याशा व्यायामशाळेचं उद्घाटन करत होते आणि त्यांचा फोन बंद होता.

बाल्ताबाय आगाय अर्ज लिहायला बसले. 

"तीन प्रती लागतात," ते म्हणाले.

"आगाय, दौरेन गेला," कामशात म्हणाली.

"'विनंती' ऱ्हस्व की दीर्घ?"

"काहीही लिहा, आगाय."

मग मायसारा दारात आली, हातात सदस्यांची यादी. "सगळे जमलेत. अध्यक्ष विचारतायत, उमेदवार कुठाय?" तिनं पडदा पाहिला आणि ती तिथंच थांबली. येरमेकवर कुलूप पडलं. कामशात खुर्चीच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, जणू ते आपणहून काही करून बसतील. ती एकदाच बोलली, तेही पडद्याकडे बघत. "आईला सांगितलं होतं की आज होईल."

झादिरा सुरू झाली. आठ मिनिटं.

आता ऐका. महिना जूनचा. जूनमध्ये आपल्या अल्माटीत पॉपलरची झाडं कापूस सोडतात, तो चहात पडतो, नाकात जातो, डुलकी लागलेल्या माणसाच्या मिशीत घर करतो. आणि मशीन फार तापलं की आपलं आपण नीट झोपी जातं. त्याला कुणाची सही लागत नाही. आदेशात तापण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी खिडकी सताड उघडली. दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली, लहानपणी डोंगरावरच्या कुरणात घोड्या बोलवायचो तशी. अख्ख्या रस्त्यावरचा कापूस थबकला. मग वळला. ढगासारखा आत आला, माझ्या कानांशेजारून, आणि सरळ डाव्या कपाटाच्या जाळीवर जाऊन बसला. पांढरी गादीच म्हणा. पंखा ओरडला, मग घुसमटला.

"सत्तर अंश," कामशात वाचू लागली. "ऐंशी. झादिरा गेली. आगा, माझं सुरू झालं."

"किती?"

"नव्वद. पहिल्या वर्षाची पहिली फाईल गेली. दुसरी. ब्याण्णव."

मी आणखी एकदा शीळ घातली, बारीक, लाडीगोडीची. जाळीवर आणखी एक पुंजका आला. पंच्याण्णव झाले आणि खोलीत एकदम शांतता पसरली. पडदा काळा. बाल्ताबाय आगायांच्या हातून पेन पडलं, त्याचा आवाज ऐकू आला.

मशीनमधली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. तीन फायली गेल्या होत्या, बाकी सगळं जागच्या जागी. अडीचला कामशात परिषदेसमोर उभी राहिली आणि त्या सकाळचीच कहाणी तिनं आपल्या निष्कर्षात घातली. अकरा मतं, अकराही तिच्या बाजूनं. रात्रीच्या मेजवानीत मेंढीचं डोकं मानानं माझ्यासमोर ठेवलं. त्या कापसाच्या गादीची उशी करून मी अजून झोपतो.

 अर्धंअधिक झांगिरच्या गळी उतरलं होतं, ते मला दिसत होतं.

मायसारानं पेला खाली ठेवला.

"सागिंदिक," ती म्हणाली, "कामशातचा व्हायवा सतरा फेब्रुवारीला होता. इतिवृत्त मी लिहिलंय. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि ती खिडकी गोठून बसली होती. कापूस कुठला आणलास?"

मी म्हटलं, एखाद्या वर्षी लवकर येतो.

"प्लग तू उपटलास. दोन्ही हातांनी, भिंतीला पाय लावून. पोरीचं काम वाचलं, तेवढं खरं. कापूस तर मशीन बंद पडल्याच्या अहवालात मी घातला, तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. आणि ऐन फेब्रुवारीत कापूस कुठून आला, हे वरच्या एकाही साहेबानं आजवर विचारलेलं नाही."